वत्सला दीपस्तंभापाशी थांबायची

त्या सकाळी पोदेर आला तेव्हा वत्सला दारातच उभी होती. सायकलला पावाची टोपली बांधून तो भोंपू वाजवत आमच्या वळणावर येतो, आणि रोज तिथं त्याची परीक्षा असायची. तिने एक उंडा उचलला, उलटा केला, बोटाच्या गाठीने खालून ठोकला आणि विचारलं, भट्टी लाकडांवरच आहे की गॅस आणलास? तो म्हणाला, लाकडं. कसली? काजूची. कुणाच्या बागेतली? आणि बागवाल्याला विचारून तोडलीस की तशीच? पोदेर माझ्याकडे बघून म्हणाला, "पांडूबाब, हिका असेंब्लीत धाड. थंय कोण विचारपी ना."

मग आम्ही सोप्यावर बसून चहा घेतला. मला दात राहिले नाहीत, म्हणून उंड्याचं आतलं मऊ मला आणि वरचं कडक तिला, असं गेली कितीतरी वर्षं चाललेलं. ती कडक भाग चहात न बुडवताच खायची आणि कुर्रकन आवाज करून मला चिडवायची. त्या दिवशीही तसा आवाज केला. नंतर सोप्यावरच्या खांबाला पाठ लावून ती कुळीथ निवडायला बसली. दुपारी जेवायला हाक आली नाही म्हणून मी बाहेर आलो. सूप मांडीवरच होतं. कुळीथ एका बाजूला, खडे एका बाजूला, सगळे निवडून झालेले.

मी खाणीचं खनिज वाहणारा टिपर चालवून पोट भरलेला माणूस. शिक्षण तिसरीपर्यंत, तेही गळत्या छपराखाली. माणसाचं चित्र कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. पण वत्सलेबद्दल गावात जे बोलतात ते अर्धंच आहे. तिच्या तेराव्याला चार माणसं म्हणाली, बाई फार देवभोळी, इतकी नम्र की देवळाची पायरीसुद्धा कधी चढली नाही. मी पत्रावळीकडे बघत बसलो. मान वर करायची लाज वाटली.

ती पेडण्याकडची, चोपड्याची. मामा मला मुलगी दाखवायला घेऊन गेला, तेव्हा नदीवर पूल नव्हता, फेरीबोटीने पलीकडे जायचं. पोहे आले, तिने बशी माझ्या हातात दिली आणि आत न जाता तिथंच उभी राहिली. विचारते काय, "टिपर तुमचो स्वताचो काय शेटचो?" मी म्हटलं, शेटचा. ब्रेक कोण तपासतं? मी म्हटलं, मीच. रिव्हर्स घेताना मागे कोण बघतं? मी म्हटलं, क्लीनर. ती म्हणाली, "आनी क्लीनर निदलो जाल्यार?"

मामाला ठसका लागला. परत येताना फेरीबोटीत तो म्हणाला, "ही बायल न्हय मरे, आरटीओ." खरं सांगायचं तर त्याआधी त्याच आठवड्यात माझा क्लीनर झोपला होता आणि मी एका घराच्या कुंपणाची वई मोडली होती. हिला कसं कळलं, असं मला वाटलं. मी तिच्याशीच लग्न केलं.

विचारणं हाच तिचा स्वभाव. डॉक्टरला विचारायची ही गोळी पोटात जाऊन काय करते. कंडक्टरला विचारायची बस उशिरा आली तर कालची का आजची. बाजारात माशांच्या बाईला विचारायची की बांगडा कालचा असेल तर तसं सांग, मी कालचा घेते, पण आजचा म्हणून देऊ नको. माणसं वैतागायची आणि हसायचीही. मी कधी गप्प बसवायला गेलो तर म्हणायची, "विचारूंक जीब झिजता?" आमची लेक लहान असताना हिशोब चुकून रडत आली की तिलाही सांगायची, मास्तरला पूर्ण विचार, अर्धं विचारून घरी येऊ नको.

अर्धं विचारणं तिला चोरीसारखं वाटायचं. हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमचा वाडा सर्वणच्या पलीकडे, टेकडीच्या पोटात. वर खाण, खाली नदी, मध्ये सातेरीचं देऊळ. शाळा म्हणजे देवळाची अग्रशाळा, पाहुण्यांना उतरायची जागा. जत्रेला पाहुणे आले की शाळा बंद, शिगम्याला बंद, कुणाचं लग्न देवळात असलं तरी बंद. पावसात मुलं एका भिंतीला चिकटून बसायची, कारण दुसऱ्या भिंतीवरून पाणी यायचं. आमची लेक भिजलेलं दप्तर चुलीवर धरायची.

तेच ते दिवस, भाषेच्या भांडणाचे. शाळा मराठीत की कोकणीत, राज्य कोणत्या भाषेचं, यावरून गावात सख्खे भाऊ बोलेनासे झालेले. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, आमचे टिपर उभे राहायचे. एका संध्याकाळी त्याच अग्रशाळेत सभा भरली. दोन्ही बाजूंची माणसं तावातावाने बोलत होती. बायका बाहेर. वत्सला दाराच्या चौकटीत आली आणि म्हणाली, "पावस खंयच्या भाशेंत गळटा तें पयलीं सांगात. मागीर पळोवया."

सभा हसली. पण त्या हसण्याने दोन्हीकडचे लोक पहिल्यांदा वर बघायला लागले, छपराकडे.

मग ती मागेच लागली. गोवा घटक राज्य झालं आणि शिक्षण खात्याचा एक अधिकारी आमच्याकडे आला, तो हिच्या खेपांना कंटाळूनच आला असणार. चांगला माणूस होता. त्याने सरळ सांगितलं: सरकारकडे मास्तर आहे, फळा आहे, बाकं आहेत. इमारतीला पैसा नाही, आणि आमच्यासारखे वाडे पुष्कळ आहेत. कुणी खासगी माणूस इमारत बांधून देत असेल तर सरकार ती ताब्यात घेईल आणि शाळा चालवील. जागा तेवढी गावाने द्यायची.

बांधून द्यायला खाणीचा वाहतूकदार तयार झाला, ज्याचा टिपर मी चालवायचो. आम्ही त्याला शेट म्हणायचो. ठरलं ते असं: जमीन देवीची, भिंती शेटच्या, मास्तर सरकारचा. वत्सला म्हणायची, आणि मुलं आमची. तीन खोल्या, पुढे व्हरांडा, सहा जनेलां म्हणजे खिडक्या, वर मंगळुरी कौलं. ऐकूनच तिचा चेहरा उजळायचा. घरी चुलीच्या राखेत काडीने खोल्या काढून दाखवायची, कुठला वर्ग कुठे बसेल ते.

शेटचा मुकादम आमच्या सोप्यावर आला ते दुसऱ्याच कामाला आल्यासारखा. चहा प्याला, पावसापाण्याचं बोलला. उठताना म्हणाला की शाळेबरोबर वाट आहे, ती विसरू नका. देवीच्या त्याच जमिनीतून, शाळेला लागून, खाली नदीवरच्या धक्क्यापर्यंत टिपरची वाट. आता टिपर गावाला वळसा घालून जात होते, ते सरळ उतरतील. वत्सलेने त्याला विचारायला सुरुवात केली. किती टिपर? रुंदी किती? शाळेच्या वेळात बंद ठेवणार का? गाव पाणी भरतं त्या झरीच्या वरून जाणार की खालून? मुकादम हसत राहिला. शेवटी म्हणाला, "वयनी, भिंती फुकट येवंक नात."

तो गेल्यावर ती बराच वेळ कपबशा हातात धरून उभी होती. मी टिपरवाला. सरळ वाट म्हणजे माझ्या दिवसाला जास्त खेपा. मी उठून अंगणात गेलो.

आता देवीची जमीन म्हटली की प्रसाद घ्यावा लागतो. बाहेरच्या वाचकाला सांगतो. भट देवीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो आणि आपलं मागणं मोठ्याने सांगतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. प्रसाद झाला की विषय संपला. त्यावर कोर्ट नाही.

मागणं कुणी सांगायचं, यावर गावकार, म्हणजे गावाचे मानकरी, एकमेकांकडे बघायला लागले. पाकळी डावी पडली तर शाळा घालवल्याचं नाव लागणार, उजवी पडली आणि पुढे काही बिघडलं तर त्याचंही. कोणीतरी म्हणालं, वत्सलावयनीनेच एवढं विचारलंय, तिलाच पुढे येऊ दे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एरवी प्रसादाला बाईमाणसाला देवळातल्या खांबाच्या पुढे येऊ देत नसत. त्या दिवशी सगळे मिशीवाले मागे सरकले आणि तिला वाट करून दिली. मी त्यांच्यातच होतो.

म्हाताऱ्या भटाने पाकळ्या लावल्या. "सांग बाये, कितें विचारूं?"

वत्सला म्हणाली, "भुरग्यांक शाळा जाय. देवीन जागो दिवचो काय?"

मुलांना शाळा हवी, देवीने जागा द्यावी का, असं भटाने देवीला सांगितलं आणि रीतीप्रमाणे पुन्हा वळून विचारलं, "आनीक कितें?"

आणखी काही आहे का, एवढंच. प्रत्येकाला विचारतात. वत्सलेने मागे वळून बघितलं. एवढ्या माणसांत तिने माझ्याकडे बघितलं. मी खांबाकडे बघत होतो. खांबावर एक मुंगळा चढत होता, तो मला अजून दिसतो.

ती म्हणाली, "इतलेंच."

उजवी पाकळी लगेच पडली. घंटा वाजली, ढोल वाजला, गावकारांनी एकमेकांना गूळ दिला. सगळ्या देवळात आनंद. वत्सलेने हात जोडलेले होते आणि ती पाकळी जिथं पडली तिथंच बघत होती.

शाळा झाली, आणि चांगली झाली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ती वाईट झाली असती तर सगळं सोपं होतं. पहिल्या दिवशी आमची लेक घरी येऊन म्हणाली, आज माझं दप्तर सुकं आहे. पलीकडच्या वाड्यातल्या मुली, ज्या अग्रशाळेत कधी आल्या नसत्या, त्या यायला लागल्या. आमची लेक त्याच खोल्यांतून पुढे जाऊन नर्स झाली. वत्सला तिच्या पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करताना पुटपुटायची. काय ते मला कधी ऐकू दिलं नाही.

आणि शाळेबरोबर वाट झाली. टिपर रांगेने उतरायला लागले, एकामागून एक, त्यात माझाही. चुन्याच्या भिंती मुलांच्या खांद्याएवढ्या तांबड्या झाल्या. वाटेकडची तीन जनेलां मास्तरांनी खिळे मारून बंद केली, तरी दुपारपर्यंत बाकावर बोटाने नाव लिहिता यायचं. मुलं खोकायची. मी हॉर्न वाजवून जायचो, लेक आत बसलेली असायची. पावसाळ्यात वरची माती झरीत उतरली आणि झर लाल झाली. बायका कळशा भरून आणायच्या, रात्रभर ठेवायच्या, वरचं पाणी गाळून घ्यायच्या आणि तळाची माती अंगणात ओतायच्या.

काही जवान पोरं चिडली. वाट अडवायची म्हणाली. भाषेच्या भांडणात झाडं आडवी टाकून शिकलेली पोरं ती, त्यांना जड नव्हतं. पण गावकारांनी सांगितलं, प्रसाद झालाय. पोरं घरी गेली.

शेजारची काशीकाकी एक दिवस लाल पाण्याची कळशी घेऊन आमच्या अंगणात टेकली. वत्सला तिची क्षमा मागायच्या बेतात होती, मला दिसत होतं. काकीने तिला बोलूच दिलं नाही. "देवीन दिलां न्ही? मागीर आमी कोण उलोवपी?" बोलणाऱ्या आम्ही कोण, असं म्हणाली, कळशी उचलली आणि गेली. रागाने नाही, अगदी शांतपणे.

काकीने शिव्या दिल्या असत्या तर वत्सला जेवली असती. त्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, "हांवें अर्दें विचारलें."

मी हसलो. थकून आलो होतो, पायावर पाणी ओतत होतो. म्हटलं, देवीला काय डोळे नाहीत? तिला वाट दिसलीच असणार.

"दिसली आसतली," ती म्हणाली. "पूण सांगपाचें काम म्हजें आसलें."

त्यानंतर ती देवळात गेली नाही. म्हणजे जायची, पण अंगणातल्या दीपस्तंभापर्यंत. तिथं चप्पल काढायची, उभी राहायची आणि नारळ माझ्या हातात द्यायची. मी पायऱ्या चढून आत जायचो, नारळ देऊन यायचो. जत्रेला तशीच, नवरात्राला तशीच. लोकांनी सुरुवातीला विचारलं, मग त्यांना ती भक्ती वाटायला लागली. कुणी तिला नमस्कारसुद्धा करायचं. ती अंग चोरायची, जसं कुणी चुकून दुसऱ्याच्या नावाने हाक मारावी. त्या वाटेनेही ती कधी चालली नाही. देवळात जायचं तर शेताच्या मेरेवरून, पावसात गुडघाभर चिखलातून. मी टिपर थांबवून बस म्हणायचो. ती मेरेवरूनच हात हलवायची, जा म्हणून.

आणि तिचं विचारणं? बाजारात, बसमध्ये, पोदेराजवळ ते चालूच होतं. दीपस्तंभापाशी मात्र नाही. तिथं उभ्या असलेल्या वत्सलेच्या तोंडून मी एक प्रश्न ऐकला नाही.

मी एकदा म्हटलं की भटाला सांगून पुन्हा प्रसाद घेऊ, वाटेचं विचारून टाक आणि मोकळी हो. ती भांडी घासत होती. म्हणाली, "आनी दावी पडल्यार? शाळा कोण मोडटले, तुमी?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, ती नुसती कुढत नव्हती. ती रोज निवडत होती. देवीसमोर खरं बोलायचं तर त्या पोरींच्या डोक्यावरचं छप्पर डावावर लावायचं. ते तिला होत नव्हतं. म्हणून ती अपराध करत राहिली, रोज, समजून उमजून, आणि दीपस्तंभापाशी थांबत राहिली. आणि मी त्याच वाटेवर खेपा करून घरावर नवी कौलं घातली.

वर्षं गेली. खाणी बंद पडल्या. वाटेवर गवत आलं, मग टाकळा. झर पुन्हा पांढरी झाली, पण तोपर्यंत घरोघरी नळ आले होते. मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसने जायला लागली आणि आमची शाळाही बंद झाली. दाराला कुलूप, वाटेकडची जनेलां खिळे मारलेली तशीच. शेट मेला, मुकादम मेला, म्हातारा भट गेला आणि त्याचा मुलगा भट झाला.

मागच्या जत्रेला मी तिला म्हटलं, आता काय हरकत आहे? वाट नाही, शाळा नाही. कुणाचं काही जात नाही. चल वर, विचारून घे.

तिने नारळ माझ्या हातात दिला. "आतां विचारप म्हणल्यार फुकटचें," ती म्हणाली. "तेन्ना विचारपाक काळीज जाय आसलें." आणि पदर सावरून दीपस्तंभाला पाठ टेकून उभी राहिली. वरून मी वळून बघितलं. पणत्या लागायच्या होत्या अजून. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी पायऱ्यांकडे जात होती, आणि ती वर देवीकडे नाही, खाली पायांकडे बघत होती, परीक्षेत कोरा कागद दिलेल्या पोरीसारखी. माझ्या डोळ्यांपुढे ती येते ती अशी. सुपावरची नाही.

कुळीथ निवडता निवडता ती गेली, त्याच संध्याकाळी तिला नेलं. लेक आली होती, नार्व्याहून वत्सलेची बहीण आली होती. रात्र गेली.

सकाळी पोदेर आला. वळणावर भोंपू वाजवला, मग सायकल धरून उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाहेर गेलो. त्याने दोन उंडे काढले, माझा चेहरा बघितला आणि विचारायचं ते विचारलं नाही. एक परत टोपलीत ठेवला.

उंडा तसाच सोप्यावर ठेवून मी निघालो. लेक म्हणाली, बाबा, सुतक आहे, कुठे चाललात? मी म्हटलं, आईच्या जागेवर.

सुतकातला माणूस देवळाची पायरी चढत नाही, दीपस्तंभाच्या अलीकडेच थांबतो. मी चप्पल काढली आणि तिथं उभा राहिलो. तिची उभं राहायची फरशी मला ठाऊक होती. तिथून देवी दिसत नाही, नुसती समई दिसते. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं, कारण मी नेहमी वर गेलेलो.

भटाचा मुलगा कळशी घेऊन बाहेर आला, मला बघून दचकला. "पांडू, तुका सुतक मरे. हांगा कित्याक?"

"म्हणूनच हांगा," मी म्हटलं. "वयर येना."

मग मी समईकडे बघून मोठ्याने बोललो. मोठ्याने बोलायची मला सवय आहे, टिपरच्या आवाजात आयुष्य गेलं. म्हटलं, "माये, वत्सलेन शाळा मागली. शाळेवांगडा वाट आसली. ती तिणें सांगूंक ना. तिका खबर आसलें, म्हाकाय खबर आसलें. भटान आनीक कितें म्हूण विचारलें तेन्ना तिणें फाटीं पळयलें, आनी हांव खांब्याक पळयत रावलों."

आवारात झाडणारी बाई झाडू धरून थांबली. भटाचा मुलगा पायरीवर तसाच उभा होता, कळशीतलं पाणी त्याच्या पायावर सांडत होतं. थोड्या वेळाने तो हळू म्हणाला, "पाकळ्यो लावं? विचारूं?"

मी म्हटलं, "नाका. आयकलें जाल्यार पुरो."

चप्पल हातातच घेऊन मी घरी निघालो, मेरेवरून. दवाने पाय भिजले. सोप्यावर उंडा होता तसाच होता. आतलं मऊ काढून खाल्लं, आणि वरचं कडक समोर ठेवून बसलो.